कूलरची तिसरी पिन आणि तीन फटके

इंदोरा, नागपूर
दि. २४ मे १९८३

आदरणीय रुपरावदादा यांस,
आनंदरावाचा सप्रेम जयभीम. वहिनींनाही जयभीम, आणि घरातल्या लहानांच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझा उजवा हात दंडापासून कोपरापर्यंत वांग्याच्या रंगाचा झाला होता, तो आता हळदीच्या रंगावर आला आहे, आणि डॉक्टर म्हणतात की हळदीनंतर कातडी आपल्या मूळ रंगावर येते. तुमच्या विहिरीला पाणी किती आहे? संत्र्याची झाडे पाणी तोडून ताणावर सोडली का? वहिनींची दाढ काढली की अजून लवंगेवरच काम चालू आहे? या सगळ्याचे उत्तर सवडीने द्यावे. घाई फक्त एकाच गोष्टीची आहे, आणि ती म्हणजे तुम्ही रविवारी येऊ नये याची.

तुमचे पत्र काल मिळाले. तुम्ही लिहिता की आईच्या हातून जे घडले त्याबद्दल मान खाली घालून माफी मागतो, येत्या रविवारी पारशिवनीहून पहिल्या बसने येतो आणि तिला घेऊन जातो, म्हातारपणी माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही, पदरात घ्यावे. दादा, हे शेवटचे वाक्य मी उभ्याने तीनदा वाचले. (उभ्याने अशासाठी की पाठ टेकवून बसायला मला परवापासूनच जमू लागले आहे.) सासूबाईंनी मला मुसळाने मारले हे खरे. भर दुपारी, माझ्याच अंगणात, गल्लीच्या देखत, तीन फटके मारले हेही खरे. जावयाला सासूने मुसळाने बडवल्याची गोष्ट आपल्या नात्यागोत्यात कोणी ऐकली नाही, हेही मान्य. पण आमच्या गल्लीतल्या कांताबाईची नणंद दुसऱ्याच दिवशी एस.टी.त बसून तुमच्याकडे आली ती बातमीचा फक्त मुसळाकडचा भाग घेऊन आली. कूलरकडचा भाग तिच्या पिशवीत मावला नाही. तो मी आता सविस्तर लिहितो, आणि तो वाचून झाल्यावरही तुम्हाला माफी मागावीशी वाटली तर खुशाल मागा.

तुम्हाला आठवत असेल, सासूबाई फाल्गुनात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या, त्या पंधरा दिवसांच्या बोलीवर. ऑपरेशन चांगले झाले. हिरवी पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि दहा वर्षे न दिसलेले सगळे जग त्यांना एका आठवड्यात दिसले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि जवाईबापू, तुमचे केस कवा पिकले, म्हणून हळहळल्या. दुसऱ्या दिवशी छताला लागलेली जाळी दिसली, जी आम्ही घर बांधल्यापासून आमच्या सोबत राहत होती. तिसऱ्या दिवशी दूधवाला दिसला, आणि त्या दिवसापासून आमच्या दुधावर साय धरू लागली. चौथ्या दिवशी ताराचंद माझा नवा कूलर हातगाडीवर घालून घेऊन आला, तो त्यांना दिसला.

आमच्या गल्लीत कूलर दुकानातून आणत नाहीत, ताराचंदकडून खिडकीच्या मापाने करवून घेतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंखा आणि पाणी वर चढवणारा छोटा पंप. खिडकीत बसवला की तोंड घरात आणि पाठ अंगणात. माणूस गुणी आहे, पत्रा कापतो तो रेषेत. पण विजेबद्दल त्याचे मत असे की ती आली तर येते, नाही तर नाही. त्याने पंख्याची मोटर बसवली, तीन पिनांचा नवा प्लग जोडून दिला आणि जाता जाता मला म्हणाला, भाऊसाहेब, बाकीचं तुमाले ठाऊकच हाय.

आता हे बाकीचे काय, ते सांगितले पाहिजे, आणि इथे माझीच अब्रू जाणार असली तरी सांगतो. आमच्या गल्लीतली घरे जुनी. भिंतीवरच्या सॉकेटला भोके दोन. हल्लीच्या प्लगला पिना तीन. मग करायचे काय? तिसरी पिन, जी वर एकटीच जाडजूड उभी असते, ती पक्कडीने पिळून काढून टाकायची. ही आमच्या गल्लीची रीतच पडून गेली होती, आणि त्या कामातला जाणकार म्हणजे मी. माझ्याकडे पक्कड आहे (ऑफिसची आहे, परत करायची आहे), हात स्थिर आहे आणि मॅट्रिकला विज्ञान होते. कोणाच्याही घरी इस्त्री आली, मिक्सर आला, की आधी पेढा वाटत आणि मग मला बोलावत. काढलेल्या पिना मी बामच्या रिकाम्या डबीत जमवून ठेवत असे. एकोणीस झाल्या होत्या. आमचे शेजारी चंपतराव, निवृत्त हेडमास्तर, विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष, यांनी या तिसऱ्या पिनेवर विचारही केलेला होता. त्यांचे म्हणणे, ही थंड देशातली रीत आहे, तिकडे विजेला ऊब लागते म्हणून तिसरी पिन देतात, आपल्या नागपुरात तिचे काही काम नाही. मला ते पटले होते. हेडमास्तरांचे मला नेहमीच पटते, कारण ते हळू बोलतात.

तर मी पक्कड घेऊन विसावी पिन पिळत असताना सासूबाई जवळ आल्या, चष्मा सारखा करून कूलरकडे खालून वर पाहिले आणि विचारले, याचं मीठ-कोळसा कुठी पुरलं? दादा, मी हसलो. लिहायला लाज वाटते, पण पोट धरून हसलो. चंपतराव ओट्यावर होते, त्यांनाही सांगितले, तेही हळू हसले. मी सासूबाईंना समजावून सांगितले की आई, ही चूल नाही, यात कोळसा लागत नाही, आणि भाजी नाही, यात मीठ लागत नाही, याच्यात फक्त पाणी आणि वारा.  मात्र त्या दिवसापासून त्यांनी त्या कूलरला बोट लावले नाही, आणि मी अंगणात पाणी भरायला गेलो की माझ्या पायाखाली लाकडी पाट आणून ठेवू लागल्या. मला वाटले, जावयाचा मान.

तुम्ही मात्र हे वाचताना एव्हाना कपाळाला हात लावला असेल. कारण तुमच्या विहिरीवर मोटर बसली तेव्हा वायरमनने मोटेच्या जुन्या धावेजवळ खड्डा खणून त्यात लोखंडी पत्रा, मीठ आणि कोळसा पुरला होता, आणि आईंना सांगितले होते की उन्हाळ्यात इथे रोज एक घागर पाणी ओतत जा, म्हणजे मोटरीत वीज भलतीकडे फुटली तरी जमिनीत जाईल, माणसात जाणार नाही. त्यांनी अकरा उन्हाळे ते पाणी ओतले. हे मला नंतर तुमच्या बहिणीने, प्रेमिलेने सांगितले. अकरा वर्षे मी तुमचा जावई म्हणून त्या विहिरीवर बसून हुरडा खाल्ला आणि ती ओली जागा पाहून मला कधी प्रश्न पडला नाही. मॅट्रिकला विज्ञान असले की असे होते.

पुढे आठ दिवसांत कूलरला झिणझिण्या येऊ लागल्या. त्याची गंमत अशी की आमच्याकडे झिणझिण्या न येणारा कूलर लोक जरा कमी प्रतीचा समजत. हात उलटा करून पत्र्याला टेकवायचा, चुटकन सरकवायचा आणि म्हणायचे, हो, चालू हाय. चंपतरावांनी तर त्यातून उपचार शोधून काढला. रोज संध्याकाळी सहा वाजता येऊन दोन बोटे पत्र्याला लावत आणि दहापर्यंत मोजत. गुडघ्याला उतार पडून राहिला म्हणाले. मग गुडघेवाले, कंबरवाले, एक मानवाला, अशी रांग लागू लागली, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटे. फक्त कांताबाईच्या बकरीचे मत वेगळे होते. तिने एकदा नाक लावले, चार पाय एकदम उचलले आणि त्यानंतर ती आमच्या फाटकासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरू लागली. जनावराला कळले ते आवक-जावक विभागाच्या वरिष्ठ लिपिकाला कळले नाही.

अगदीच निष्काळजी होतो असे मात्र समजू नका. मी कूलरवर नऊ कलमांची नियमावली लावली होती, ऑफिसच्या कागदावर, कार्बन ठेवून. कलम चार, पाणी भरणाऱ्याने भरण्यापूर्वी कूलर बंद आहे काय असे मोठ्याने विचारावे. कलम पाच, उत्तर न आल्यास बंद आहे असे समजावे. हे कलम पाच सासूबाईंना प्रेमिलेने वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत बसल्या होत्या. मला वाटले, भाषा आवडली.

आता त्या मंगळवारचे. दहा तारीख, दुपारचे अडीच, ऊन असे की कावळासुद्धा नळाखाली. मी अर्धी रजा टाकून घरी होतो. सासूबाई अंगणात कडुनिंबाखाली वर्षाचे तिखट कांडत होत्या, प्रेमिला चाळत होती. तेवढ्यात कांताबाई तक्रार घेऊन आली की तुमच्या डब्याने माझी बकरी बिथरली, दूध देत नाही, याच्यात करंट हाय. मी तिला बसवून घेतले आणि समजावू लागलो. (समजावू लागलो की मला थांबता येत नाही, हे तुमच्या बहिणीने तुम्हाला कळवलेले आहेच.) मी म्हणालो, कांताबाई, या गल्लीत तेवीस कूलर आहेत, आजवर एक तरी माणूस मेला काय? नाही ना? मग यालाच पुरावा म्हणतात. आणि पुराव्यादाखल मी उठलो. पाट बाजूला होता, पायात चप्पल नव्हती, अंगण आत्ताच पाणी मारून ओले केलेले होते, आणि मी नेहमीसारखा उलटा हात न लावता, सबंध तळवा पसरून कूलरच्या टाकीची कड धरली. विज्ञान असे सांगते की, एवढे बोललो. ते वाक्य अजून अपुरे आहे.

दादा, त्या झिणझिण्या नव्हत्या. कोणीतरी आतून माझा हात धरला आणि सोडायलाच तयार होईना. मुठीला मी उघड म्हणतो आणि ती आणखी आवळते. ओरडायला जातो तर आवाज नाही. डोळ्यांना सगळे दिसत होते. कांताबाईला वाटले मी बकरीची नक्कल करतो आहे, आणि ती हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला आणि ती मला ओढायला हात पुढे करून आली. तेवढ्यात सासूबाई उठल्या. पासष्ट वर्षांची बाई, दोन महिन्यांपूर्वी डोळा कापलेला, पण एका हाताने त्यांनी कांताबाईला मागे लोटले, हात लावू नको वं म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातात होते ते मुसळ उचलले. कोरडे, बाभळीचे, चौदा वर्षे तिखट पिऊन लाल झालेले. पहिला फटका दंडावर, दुसरा पाठीत, तिसरा कुठे बसला ते, तुम्ही वहिनींना हे पत्र वाचून दाखवाल म्हणून, लिहीत नाही. मी सुटलो आणि थेट जाऊन पडलो तो कांडलेल्या तिखटाच्या पोत्यावर.

आणि नेमक्या त्याच वेळी गल्ली भिंतीवरून डोकावली. गल्लीला काय दिसले ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. जावई तिखटात लोळतो आहे, शिंकतो आहे, ढसाढसा रडतो आहे, आणि त्याच्यासमोर सासू मुसळ रोखून उभी. आता कांताबाईच्या नणंदेने यातून जो अर्थ काढला तो तिने काढू नये तर काय करावे? तिच्यावर माझा राग नाही. माझे डोळे तिखटाने संध्याकाळपर्यंत गळत होते, आणि त्यातले सगळेच पाणी तिखटाचे नव्हते हे मी तुम्हाला, तुमच्या आईच्या मुलाला, मोकळेपणाने सांगतो. मी त्या दिवशी मेलो असतो. कांताबाईही मेली असती. डॉक्टरांनी हात तपासला, छातीला नळी लावली आणि विचारले, मारलं कोणी? सासूबाईंनी, मी म्हणालो. ते म्हणाले, घरी गेल्यावर त्यांच्या पाया पडा. मी पडलो. त्या पायरीवर बसल्या होत्या, पाण्याचा पेला त्यांनी माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, जवाईबापू, लागलं काय गा फार? याला तुम्ही डोके ठिकाणावर नसणे म्हणता.

त्यानंतरच्या रविवारी विहारात मंडळाची सभा भरली. विषय होता वैशाख पौर्णिमेची खीर, पण कूलर हा ऐनवेळचा विषय म्हणून आला आणि खीर राहूनच गेली. आपल्या लोकांच्या सभेची रीत तुम्हाला ठाऊक आहे, सूचक लागतो, अनुमोदक लागतो, उपसूचना लागते, आणि इतिवृत्तात नाव आल्याशिवाय कोणी खाली बसत नाही. तीन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, गल्लीत कूलरवर बंदी घाला. त्यांच्यातल्या कोणाकडेच कूलर नव्हता. दुसरा पक्ष चंपतरावांचा, की तीस वर्षांत कोणी मेले नाही, एका माणसाच्या हलगर्जीपणासाठी (म्हणजे माझ्या) सर्वांच्या थंडाव्यावर आणि काहींच्या गुडघ्यांवर गदा का? तिसरा पक्ष कायद्याचा, त्यात मी एकटाच. माझे म्हणणे, वीज कार्यालयाला तीन प्रतींत अर्ज करावा, त्यांचे निरीक्षक येतील, पाहणी करतील, अहवाल देतील, मग नियमानुसार पुढे जावे. अर्ज मी खिशात तयारच आणला होता. अडीच तास चर्चा झाली. कांताबाईच्या बकरीची साक्ष ग्राह्य धरावी की नाही यावर मतदान झाले, आणि बकरी दोन मतांनी जिंकली.

मग बायांच्या बाजूने सासूबाई उभ्या राहिल्या. बाहेरगावच्या सदस्याला बोलता येते की नाही यावर कोणीतरी हरकत घेतली, ती चंपतरावांनी हळूच फेटाळली. त्या एवढेच म्हणाल्या, कोनी मेलं नाई, कोनी मेलं नाई, असं तुमी सांगून राहिले. मानूस मराची वाट पाहून मंग कायदा करता काय गा? माह्या जवायाचा नंबर लागला होता. आता पुढचा कोन, त्याचं नाव लिहा वहीत, आन मंग खुशाल घरी जा.  ठराव एकमताने झाला, की प्रत्येक घरी मीठ-कोळशाचा खड्डा, तीन भोकांचे सॉकेट, आणि तिसरी पिन आपल्या जागी. सूचक श्रीमती बायजाबाई, मुक्काम पारशिवनी. अनुमोदक म्हणून मी हात वर केला, डावा, कारण उजवा वर जात नव्हता.

पुढचे तर आणखी पाहण्यासारखे. मी म्हटले, खड्डा खणण्याआधी परवानगीचे पाहावे लागेल, गल्लीची जागा कोणाची, आपली हद्द कुठवर. मी ऑफिसात जाऊन अर्जावर जावक क्रमांक टाकून परत येईपर्यंत सासूबाईंनी आमच्याच अंगणात, आमच्याच हद्दीत, प्रेमिला आणि कांताबाईला घेऊन कमरेइतका खड्डा खणून ठेवला होता. जोडणी मात्र त्यांनी कोणाला करू दिली नाही. लायसनवाला मानूस आना, म्हणाल्या. मग गणपतराव वायरमन आले, वीस वर्षे या धंद्यात केस पिकवलेला माणूस. त्यांनी खड्डा पाहिला, आणखी दोन हात खोल करवला, पत्रा पुरला, जाड तार ओढून सॉकेटपर्यंत आणली. आईंशी ते मीठ आधी की कोळसा आधी यावर पंधरा मिनिटे बोलत होते, दोन वैद्य भेटावेत तसे. जाताना मला म्हणाले, भाऊसाहेब, माह्यापेक्षा तुमच्या सासूबाईच जास्त काम करून राहिल्या. संध्याकाळी सहा वाजता चंपतराव आले, दोन बोटे लावली, दहापर्यंत मोजले, वीसपर्यंत मोजले, आणि काहीच न झाल्याने खिन्न होऊन गेले. त्यांचा गुडघा परत दुखतो आहे. आई त्यांना एरंडीची पाने बांधायला सांगतात.

आता रोज सकाळी ऊन चढायच्या आत आई चष्मा लावून घरोघर जातात, मागे गणपतराव पिशवी घेऊन. सॉकेट पाहतात, तार पाहतात, खड्ड्यावर पाणी ओतले का विचारतात, आणि ज्या घरी काडीपेटीच्या काड्या खोचून तारा बसवलेल्या दिसतात त्या घरी चहा घेत नाहीत. एवढ्याने काम होते. चौतीस घरांपैकी सत्तावीस झाली. मीही स्वस्थ नाही. ती बामची डबी घेऊन मी दारोदार गेलो, बर्डीच्या बाजारातून नवे प्लग आणून दिले, आणि एकोणीस दारांत उभा राहून सांगितले की तुमची तिसरी पिन मी काढली होती, माझी चूक झाली. तीन घरांनी परत पेढा दिला. दादा, मी चोवीस वर्षे फायली इकडून तिकडे केल्या, पण कोणाचा जीव वाचेल असा एक कागद माझ्या हातून गेल्याचे मला आठवत नाही. या बाईने पंधरा दिवसांत, एकही अर्ज न करता, सत्तावीस घरांतली माणसे सुरक्षित केली. अशा माणसाला तुम्ही पदरात घ्या म्हणता, आणि पहिल्या बसने घेऊन जातो म्हणता. मला तरी त्यांच्याइतके ठिकाणावर असलेले डोके या गल्लीत दुसरे दिसत नाही, माझे धरून.

तेव्हा कृपा करून रविवारची बस सोडावी, आणि आईंना सध्या इथेच राहू द्यावे, ही गल्लीच्या वतीने आणि चौतीस घरांच्या वतीने विनंती. वहिनींच्या दाढेचे कळवावे.

आपला,
सासूच्या हातचे तीन फटके खाऊन आपल्याला हे लिहू शकणारा,
आनंदराव

ता.क. वर गल्लीचे नाव पुढे केले आहे, ते खरेच आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचे. त्या दिवसापासून मला कोणत्याही बटणाला हात लावायचा धीर होत नाही. खड्डा झाला, तार झाली, तिसरी पिन बसली, हे बुद्धीला कळते, हाताला कळत नाही. दुपारी कूलर आई चालू करतात. दिवा आई लावतात. परवा त्या कांताबाईकडे गेल्या होत्या तर मी दीड तास घामाने निथळत बटणाकडे बघत बसलो होतो. प्रेमिला मुद्दाम लावत नाही, म्हणते शिका. उद्यापासून उन्हाच्या काहिलीचा नवतपा सुरू होत आहे. निदान हे नऊ दिवस तरी आईंना नेऊ नका, केवळ माणुसकीच्या नात्याने.

ता.क. दुसरा. दादा, हे मी प्रेमिला लिहीत आहे. यांनी पत्र पाकिटात घालायच्या आधी आईने माझ्याकडून सबंध वाचून घेतले. तिचे म्हणणे असे की सगळे खरे आहे, फक्त एक गोष्ट यांना त्या वेळी दिसली नाही म्हणून राहिली. पहिल्या फटक्यालाच यांचा हात सुटला होता, आणि तोवर मी आतून बटणही बंद केले होते. पुढचे आई सांगते तसेच तिच्या शब्दांत लिहिते.

रुपराव, पयला फटका करंटचा होता. दुसरा त्यानं पिन तोडली त्याचा. तिसरा, माही पोरगी उघड्यावर टाकून चालला होता, त्याचा. तिन्ही मी सुद्धीत मारले. मी रविवारी येत नाई, सात घरं राहिले. तुले माफी मांगाचीच असंन, त मले इचारल्याबिगर जवायाची मांगू नको. तुह्या बहिनीची मांग. हा नवरदेव तूच पायला होता.